एमआर, बीडब्ल्यूआर की मरीन? प्लायवूड घेताना आधी राळेची चौकशी करा

स्वयंपाकघराच्या कामासाठी प्लायवूड घ्यायला गेलं की दुकानात बोलणं सुरू होतं ते लाकडावर: गर्जन आहे, हार्डवूड आहे, पॉप्लर अजिबात नाही. पण सिंकखालचं कपाट दोन पावसाळ्यांत फुगून थर सुटायला लागतात, तेव्हा बहुतेक वेळा हार मानलेली असते ती थर एकमेकांना चिकटवणाऱ्या राळेनं. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, दुकानदाराच्या भाषेत ‘कमर्शियल’), बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ, म्हणजे ‘मरीन’ किंवा ‘७१०’) यांतला मुख्य फरक तोच आहे.

या राळा तुमच्या घरात आधीपासून आहेत. कुकरची काळी मूठ फिनॉल फॉर्मल्डिहाइडची, जुन्या पद्धतीचे पांढरे स्विच युरिया फॉर्मल्डिहाइडचे आणि न फुटणाऱ्या ताटल्या मेलामाइन फॉर्मल्डिहाइडच्या. फॉर्मल्डिहाइड तिन्हींत आहे, फक्त त्याचा जोडीदार बदलतो, आणि पाण्यापुढे किती टिकायचं हे तो जोडीदार ठरवतो.

यांत सर्वांत जुनी फिनॉलची. फिनॉल आणि अल्डिहाइड एकत्र केले की चिवट राळ उरते हे जर्मन रसायनतज्ज्ञ बायर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं, पण तो चिकटा त्यांच्या काही कामाचा नव्हता. बेल्जियममध्ये जन्मलेले लिओ बेकलंड न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्समध्ये लाखेला, म्हणजे भारतातून जाणाऱ्या शेलॅकला, पर्याय शोधत होते. उष्णता आणि दाब एकत्र वापरून ही राळ कायमची घट्ट करण्याच्या कृतीच्या पेटंटसाठी त्यांनी १९०७ मध्ये अर्ज केला आणि १९०९ मध्ये ‘बॅकेलाइट’ जाहीर केलं. झाडाची राळ किंवा लाख तापवली की पुन्हा मऊ होते. बॅकेलाइट मऊ होत नाही, फार तर करपतं. आपण दोन्हींना राळच म्हणतो, पण देवापुढच्या धुपातली राळ आणि प्लायमधली राळ यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही.

युरियाच्या राळेचं पेटंट प्रागच्या हान्स योन यांचं, १९१८ चं. मेलामाइन हा पदार्थ लीबिग यांनी १८३४ मध्येच तयार केला होता, पण त्याची राळ कारखान्यात पोहोचायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडली.

कारखान्यांना युरिया आवडतो त्याला कारणं आहेत. ती स्वस्त आहे, साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला दाबात लवकर पकडते, रंगानं फिकी असते आणि विनियर, म्हणजे प्लायमधला लाकडाचा पातळ थर, थोडं ओलसर असलं तरी चालवून घेते. घट्ट होण्यासाठी तिच्यात अमोनियम क्लोराइड घालतात आणि प्रमाण वाढवायला चक्क मैदा. मैदा मापात असेल तर राळ नीट पसरते. जास्त झाला की जोड कमकुवत होतो आणि ओल लागली की बुरशीला खाऊ मिळतो. मूळ दुखणं मात्र मैद्याचं नाही. युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यातला बंध पाण्यानं, त्यातही गरम पाण्यानं, हळूहळू उलटा उलगडतो. फिनॉलच्या राळेत कार्बनला कार्बन जोडलेला असतो, तो बंध पाणी सोडवू शकत नाही.

फिनॉलच्या वाटेत वेगळे काटे आहेत. तिला १३५ ते १५० अंश तापमान आणि जास्त वेळ लागतो, विनियरही चांगलं वाळवलेलं हवं. ओलावा राहिला तर दाब सोडताना आतली वाफ थर फाडून बाहेर येते आणि पोकळ फुगा मागे राहतो. म्हणून शिट महागाचा असला तरी नाण्यानं ठोकत जा. मध्येच आवाज बदलला तर तो शिट परत करा. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे मेलामाइन मिसळलेला युरिया. बाजारातला बराच बीडब्ल्यूआर माल असाच असतो, आणि मेलामाइनचं प्रमाण पुरेसं असेल तर त्यात गैर काही नाही.

नावांमागच्या चाचण्या अशा आहेत. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआरचे तुकडे ६० अंशाच्या पाण्यात ३ तास भिजवून वाळवायचे, असं तीनदा. बीडब्ल्यूआर ८ तास उकळून १६ तास वाळवायचा, तोही तीनदा. आयएस ७१० च्या मरीनला सलग ७२ तास उकळतात. शिवाय त्यात लाकडाची जात आणि वाळवी-बुरशीविरोधी प्रक्रिया यांच्या अटीही कडक आहेत. बीडब्ल्यूपीमधलं ‘वॉटर प्रूफ’ राळेपुरतंच आहे. पाण्याला दाद देत नाही ती राळ. लाकूड मरीनमध्येही पाणी पितं, फुगतं आणि काळं पडतं.

कडेला काळपट तांबूस रेघा दिसल्या की ‘बघा, फिनॉल आहे’ असं सांगतात. त्यावर जाऊ नका. युरियात रंग मिसळून तशी रेघ सहज आणता येते, आणि मेलामाइनवाला चांगला बीडब्ल्यूआर फिका दिसू शकतो. नुसत्या ‘७१०’ या छापालाही अर्थ नाही; आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर तपासा.

सगळ्यांत खरी परीक्षा गॅसवर होते. दोन-तीन इंचांचे तुकडे मागून घ्या, जुन्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून चार तास उकळा. एमआर बहुधा त्याआधीच सुटायला लागतो. तुकडा टिकला तर थरांच्या मधे पटाशी घालून उचका. लाकडाचे तंतू फाटून दोन्ही बाजूंना चिकटलेले दिसले तर जोड चांगला. पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत सुटला तर राळ हरली.

आता कुठे काय लावायचं. सिंकखालचा डबा आणि ओट्याखालचे खालचे खण यांना मरीन किंवा खात्रीचा बीडब्ल्यूआर, यात काटकसर नको. भिंतीवरची कपाटं बीडब्ल्यूआरची पुरेत. बेडरूमचं कपाट कोरड्या भिंतीला असेल तर एमआर चालतो, आणि तिथे मरीनचे पैसे ओतणं आमच्या मते वाया आहे. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्यात घाम फुटणारी भिंत मागे असेल तर मात्र बेडरूमलाही बीडब्ल्यूआर.

वासाची बाजूही बघा. युरियाच्या राळेतून फॉर्मल्डिहाइड बराच काळ सुटत राहतो. नवं कपाट उघडताच डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. मुलांच्या खोलीसाठी ई१ (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या मालाची श्रेणी) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा माल मागा. फिनॉलच्या प्लायमधून हा वायू फारच कमी येतो, त्यामुळे इथे महाग मालाला पाण्यापलीकडचं कारण मिळतं.

वरच्या सनमायकाचीही राळ आहे. ‘सनमायका’ हे एका ब्रँडचं नाव, आपण ते सगळ्याच लॅमिनेटला दिलं. त्यातल्या ‘मायका’चा, म्हणजे अभ्रकाचा, मालात पत्ता नसतो. अमेरिकेत १९१३ मध्ये निघालेल्या फॉर्मायकाचं नाव ‘अभ्रकाऐवजी’ या अर्थानं पडलं, कारण ते आधी विजेच्या उपकरणांत अभ्रकाच्या जागी वापरायचं होतं. लॅमिनेटमध्ये खालचे तपकिरी कागद फिनॉलचे आणि वरचा नक्षीचा कागद मेलामाइनचा असतो. फिनॉल गडद असते, नक्षी झाकून टाकते. मेलामाइन पारदर्शक आणि कडक राहते. दाराला एकाच बाजूला लॅमिनेट लावलं की ते वाकतं, म्हणून आतून ०.७ किंवा ०.८ मिमीचं साधं लॅमिनेट लावून घ्या.

आणि मरीन प्लायवर साधा पांढरा गोंद लावला तर सगळं मुसळ केरात. तो पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचा, पाण्यानं आणि उष्णतेनं मऊ पडणारा. सिंकजवळ त्याचा जलरोधक प्रकार घ्या, त्यात पाणी मिसळू देऊ नका, आणि लॅमिनेट २४ तास वजनाखाली ठेवा. रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून १०-१५ मिनिटं सुकू द्यावं लागतं, पण शेगडीच्या धगीला तेही ढिलं पडतं. पाइपसाठी पाडलेलं भोक आणि खालची कापलेली कड सुतार उघडीच सोडून जातो. पाणी नेमकं तिथून शिरतं. ट्रॉल्या बसवण्याआधी तिथे इपॉक्सीचे दोन हात मारून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही.