कोकणातला मे : घामात कुठला कपडा टिकतो?

दुकानात 'उन्हाळ्याचं काहीतरी दाखवा' म्हटलं की 'प्युअर कॉटन'चा गठ्ठा पुढ्यात येतो. नागपूर-अकोल्याला जायचं असेल तर त्यातलं काहीही उचललं तरी निभावतं. रत्नागिरी, मालवण, पणजी या पट्ट्यात मात्र 'कॉटन' हे अर्धंच उत्तर आहे. तिथे माणूस उन्हाने कमी आणि न वाळणाऱ्या घामाने जास्त बेजार होतो. विदर्भात पारा ४४ वर गेला तरी हवा कोरडी असते, घाम आला कधी नि उडाला कधी कळत नाही. किनाऱ्यावर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की अंगाला ते ४१ अंशांसारखं जाणवतं. हवामान खात्याचे निकषही याला धरूनच आहेत. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर होतो, किनारपट्टीवर ३७ वरच.

एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली साधारण अर्धा किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपकून खाली पडला तर काहीच नेत नाही. म्हणून दमट हवेतला कपडा तीन गोष्टींवर जोखायचा. वजनाला किती हलका, अंगापासून किती सुटा, आणि रात्री धुतला तर सकाळपर्यंत वाळतो का. लेबलावरचं सुताचं नाव त्यानंतर. मे महिन्यातल्या चार दिवसांच्या कोकणवारीसाठी बाजारात जे सर्रास मिळतं, त्याचा हा हिशेब.

आधी वजन. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. मलमल ५० ते ८०, केंब्रिक (दाट विणीचं बारीक सुती कापड) ९०-१०० च्या आसपास, नेहमीचं शर्टिंग १०० ते १३०, टी-शर्टचं होजिअरी कापड १६० ते १८०, आणि जीन्स ३५० च्या पुढे. लेबलावर हा आकडा क्वचितच असतो, पण कापड मीटरवर घेत असाल तर घरच्या काट्यावर कळतं. ४४ इंची पन्ह्याचं एक मीटर कापड ८० ग्रॅम भरलं तर ते सुमारे ७० जीएसएम. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी, की हाताने पिळल्यावरही सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतकं पाणी उरतं. १७० ग्रॅमच्या शर्टातलं पाणी पंख्याखाली रात्रीत निघून जाईल. साडेसहाशे ग्रॅमच्या जीन्समधलं अर्ध्या लीटरहून जास्त पाणी जाणार नाही. जीन्सबद्दल या लेखात एवढंच पुरे.

मलमल. पहिला नंबर हिचा, पण डोळे झाकून घेऊ नका. हवा आरपार जाते, घाम लगेच शोषला जातो आणि पातळपणामुळे वाळतोही. दुकानातच कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडच्या तळहाताला वारा जाणवला पाहिजे. आता दुखणं. मलमल फाटत नाही, विरते. मुंढ्याशी आणि पाठीच्या शिलाईशी ताण आला की टाके जागेवर राहतात आणि शेजारचे धागे सरकून जाळी पडते. पाठीवर सॅक अडकवून दोन-तीन दिवस फिरलात तर खांद्यावर हे हमखास होणार. तयार कुर्ता घेताना मुंढ्याची शिलाई दोन्ही बाजूंनी हलकेच ताणून पाहा. टाक्यांच्या शेजारी उजेड दिसला तर ठेवून द्या. शिवून घेत असाल तर खांद्याला दुहेरी कापड लावायला सांगा आणि काखेत चौबगला घालून घ्या. चौबगला म्हणजे काखेतला चौकोनी तुकडा. जुन्या सदऱ्यांना तो असायचाच. हात वर केला की ताण शिलाईवर न येता त्या तुकड्यावर येतो, शिवाय बगलेत कापड चिकटत नाही. हल्ली शिंपी आपणहून घालत नाहीत, दहा मिनिटं जास्त लागतात ना.

मलमलीचं दुसरं दुखणं म्हणजे ती पारदर्शक. मग आत बनियन किंवा अस्तर येतं, आणि एकाचे दोन थर झाले की मलमल घेण्यात अर्थ राहत नाही. त्यापेक्षा बारीक छपाईची किंवा मध्यम गडद रंगाची घ्या. नीळ किंवा ब्लॉक प्रिंट असेल तर प्रवासाआधी दोनदा वेगळी धुऊन घ्या. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो या समजावर विसंबू नका. धुण्याने वरचा जादा रंग निघून जातो, इतकंच. न धुतलेली नीळ घामाने मानेवर उतरते आणि सॅकच्या पट्ट्यावरही.

ज्यांना मलमल फारच नाजूक वाटते त्यांनी केंब्रिक घ्यावं. ६० नंबरच्या सुताचं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) केंब्रिक अंगाला मऊ असतं, आरपार दिसत नाही आणि सॅकचा घस सोसतं. अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन मीटर पुरतं. आमच्या मते पुरुषांच्या शर्टासाठी हाच सगळ्यात शहाणा सौदा आहे, मलमलीपेक्षा थोडा गरम पण दुप्पट टिकाऊ.

लिननचं कौतुक जरा अति होतं. त्याचा खरा गुण शोषण्याचा नाही, ताठपणाचा आहे. घामाने ओलं झालं तरी कापड अंगाला लोळत नाही, मधे हवेची फट राहते. शर्टासाठी ६० लीचं बारीक कापड मागा, ली म्हणजे लिननच्या सुताचा नंबर. २५ लीचं जाडंभरडं कापड स्वस्त पडतं, पण ते पँटला ठीक, शर्ट केला तर रुखवतातली चादर पांघरल्यासारखं वाटेल. चुरगळतं हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की कॉलरच्या घडीवर दर वेळी त्याच रेघेत कडक इस्त्री फिरवली तर तंतू तिथेच तुटतात आणि वर्षा-दोन वर्षांत कॉलर घडीवर चिरते. कॉलर ओलसर असताना हाताने वळवा, इस्त्री घडीवर नको. 'लिनन लुक' किंवा 'लिनन फील' लिहिलेलं असेल तर ते लिनन नव्हे, गाठाळ सुताचं पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस. तसंच 'कॉटन फील'चं, आणि 'कॉटन रिच' म्हणजे मिश्र सूत. शंका आली तर आतल्या दाबातला एक धागा काढून घरी जाळून पाहा. सूत आणि लिनन (आणि व्हिस्कोसही) कागदासारखं जळतं आणि चिमटीत भुगा होणारी राख राहते. पॉलिस्टर वितळून टोकाला टणक काळा मणी धरतं.

रेयॉन. बायकांच्या कुर्त्यांच्या दुकानात निम्मा माल हाच असतो. मांडीवर सुळसुळीत, थंड लागतो, रंग खुलतात, किंमत बेताची. शोरूमच्या एसीत अंगावर घालून पाहिला की मन भरतं. सावंतवाडीच्या एसटीत बसल्यावर तोच कुर्ता पाठीला नि रेक्झिनच्या सीटला असा चिकटतो की उठताना सोलून काढावा लागतो. रेयॉन सुतापेक्षा जास्त पाणी पितो, आणि ओला झाला की जड होतो, लोंबतो, त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. सूत उलट ओलं झाल्यावर अधिक मजबूत होतं. म्हणून रेयॉन कधी पिळायचा नाही, आणि न पिळता तो दमट हवेत वाळायचा नाही. 'बांबू' म्हणून जे महाग विकतात तेही बहुतेक व्हिस्कोसच, म्हणजे रेयॉनचाच भाऊ. अंतर्वस्त्रांना मऊ म्हणून चांगलं, त्यापलीकडे बांबूचं काही उरलेलं नसतं. प्रवासासाठी रेयॉन नापास.

ड्राय-फिटवर, म्हणजे खेळाडूंच्या टी-शर्टांच्या पॉलिस्टरवर, दोन तट आहेत आणि दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही. सूत हवेतून आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम धाग्यांमधल्या फटींतून कापडभर पसरतो आणि वारा मिळाला की झटक्यात उडतो. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होडीत, तारकर्लीच्या पाण्यात, सायकलवर याच्यासारखा कपडा नाही. वारा थांबला की खेळ संपला. देवळाच्या रांगेत, दुपारच्या एसटी स्टँडवर तो प्लास्टिकचा होतो. आणि वास. अंगाचं तेल पॉलिस्टरला धरून बसतं, साध्या धुण्याने निघत नाही, त्यावर जिवाणू पोसले जातात. उलटा करून धुवा आणि फॅब्रिक सॉफ्टनर चुकूनही घालू नका, त्याचा थर बसून घाम पसरवायचा गुणच जातो.

तरी एक ड्राय-फिट, पूर्ण बाह्यांचा, पिशवीत असावाच. कारण उन्हाचं. पातळ सुती कापड अतिनील किरण फारसे अडवत नाही, आणि ओलं झालं की आणखी कमी. पाण्यावरून आणि वाळूवरून परतणारं ऊन त्यात मिळवा. ओल्या मलमलीत तासभर होडीत बसलात तर संध्याकाळी खांद्यावर कापडाच्या आतून भाजल्याचं कळेल.

मापाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. छातीच्या मापापेक्षा शर्टाचा घेर पाच-सहा इंच जास्त हवा. छाती ३८ तर शर्टाचा घेर ४४. दोन-तीन इंच सैल असलेला 'स्लिम फिट' मलमलीचा असला तरी अंगाला डकवला जातो. मुंढा नेहमीपेक्षा इंचभर खोल, बाजूचे कट कमरेपर्यंत, कॉलर पट्टीची किंवा मुळीच नको. छातीवरच्या खिशात फोन ठेवला की तेवढा चौकोन दिवसभर ओला राहतो, घामोळं तिथून सुरू होतं. रंगात राखाडी आणि आकाशी टाळा, घामाचे डाग त्यावर नकाशासारखे उठतात. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छपाई डाग झाकते.

बनियन घालावं का? साधं रिबचं घालू नये, थर वाढतो. पण आजोबांचं जाळीचं बनियन शास्त्राला धरून होतं. जाळीमुळे शर्ट त्वचेपासून दोन मिलिमीटर वर राहतो आणि मधून हवा खेळते. मिळालं तर जरूर घ्या, चेष्टा सोसायची तयारी ठेवून.

कमरेखाली सैल सुती पायजमा किंवा पलाझो, नाडीचा. इलॅस्टिकच्या पट्ट्याखाली घाम साचतो आणि दोन दिवसांत कमरेला लाल वळ उठतो. नेफ्यात इलॅस्टिक असेल तर काढून नाडी ओवून घ्या, पाच मिनिटांचं काम. लेगिंग्ज सुती असली तरी जाड आणि चिकटून बसणारी, घरीच बरी. मांड्या घासणाऱ्यांनी आत लांब पायांची चड्डी घालावी. पावडर घामात भिजून गोळे होतात आणि जास्त घासते, त्यापेक्षा खोबरेल तेलाचं बोट बरं. गोव्यातल्या काही देवळांत तोकड्या कपड्यांना मनाई आहे, म्हणून बर्मुड्याच्या जोडीला एक लुंगी ठेवा. लुंगी रात्री नेसायला, उन्हात डोक्यावर घ्यायला आणि एसी डब्यात ओल्या पाठीवर पांघरायलाही कामी येते. अंग पुसायला टर्किश टॉवेल नको. तो कोकणात वाळत नाही, तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. साधे सुती पंचे घ्या, दोन.

चार दिवसांना तीन शर्ट किंवा कुर्ते, दोन पायजमे, लुंगी, चार अंतर्वस्त्रं, दोन पंचे. सगळं मिळून पावणेदोन किलोच्या आसपास भरतं. हे पुरतं ते रोज धुतलं तरच.

धुणं संध्याकाळी आंघोळीबरोबरच उरका. कपडा पिळून कोरड्या पंच्यात गुंडाळा आणि त्यावर गुडघा देऊन दाबा, हाताने न निघालेलं पाणी पंचा ओढून घेतो. मग हँगरवर, बाह्या सोडवून, पंख्याखाली. दोरीवर दुहेरी टाकलेला शर्ट आतल्या बाजूने ओलाच राहतो. खोलीत एसी असेल तर तिथेच टांगा, एसी हवेतली ओल काढतो. रात्रभर गॅलरीत ठेवलेला कपडा पहाटेपर्यंत परत दमट होतो, कारण समुद्राकडची आर्द्रता रात्री वाढते. सकाळी घालण्याआधी कॉलर, बटणपट्टी आणि नेफा चाचपून पाहा, सगळ्यात शेवटी वाळतात ते तेच. अंतर्वस्त्रं ओलसर असताना घालू नका, जांघेतल्या गजकर्णाला आमंत्रण तिथूनच जातं.

समुद्रात भिजलेले कपडे गोड्या पाण्यातून दोनदा काढा. कापडात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं, आणि मग तो शर्ट तीन दिवस दोरीवर टांगला तरी हाताला चिकटच लागतो.