क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधला क्रॉस-टॅब, म्हणजे रो-कॉलमचा बेरीज-तक्ता, महिनावार रिपोर्टला एकदम कामाचा
विक्रीचा डेटा एकाखाली एक लांबलचक येतोय आणि साहेबांना शाखा उभ्या, महिने आडवे असं हवंय, तर क्रॉस-टॅब बिनधास्त वापरा, रोमध्ये शाखा, कॉलममध्ये तारीख टाकून ग्रुप ऑप्शन्समध्ये दर महिन्याला निवडायचं, समराइज्ड फील्डमध्ये रक्कम, झालं, टोटल आपोआप येतात. राइट क्लिक करून पिव्होट केलं की रो-कॉलमची अदलाबदल, हे फारच आवडलं मला! जागा मात्र बघून निवडा, रिपोर्ट हेडरमध्ये सगळ्याचा एकच तक्ता, ग्रुप हेडरमध्ये प्रत्येक ग्रुपचा वेगळा, एकेक नोंद छापणाऱ्या डिटेल्स भागात ठेवताच येत नाही. कॉलम वाढले की तक्ता आडवा पुढच्या पानावर जातो, तेव्हा रिपीट रो लेबल्स (शाखांची नावं पुढच्या पानावरही छापणारा पर्याय) ऑन कराच, नाहीतर कुठला आकडा कुठल्या शाखेचा कळत नाही.