पेटी दुरुस्त झाली आणि सुटलेली कडवी परत आली

भुसावळच्या ह्या दुकानात आमची पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीला दिली होती. ५ पैकी ५ स्टार, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

आमचं घर मेथडिस्ट, म्हणजे ख्रिस्ती प्रॉटेस्टंटांतल्या एका पंथाचं. आजोबा रेल्वेत, पुण्याहून बदली होऊन भुसावळला आले, मग जळगावात घर बांधलं आणि दर शनिवारी संध्याकाळी घरी गायन-प्रार्थना ठेवायची पद्धत त्यांनीच पाडली. आता पंधरा-सोळा जण येतात, सगळेच काही मेथडिस्ट नाहीत, पण गायला सगळे बसतात. आमच्याकडे गाणं म्हणजे उपदेशाच्या आधीची तयारी नसते, गाणं हीच प्रार्थना. हा पंथ इंग्लंडमध्ये सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७६१ मध्ये गाण्याच्या सूचना लिहिल्या त्यात सरळ म्हटलंय की सगळ्यांनी गा, अर्धमेल्यासारखं गाऊ नका, पण ओरडूही नका, आणि प्रत्येक शब्दात देवाकडे लक्ष ठेवा. १७८० चं त्याचं मोठं गीतपुस्तक ५२५ गीतांचं, त्यातली बहुतेक भावाची, चार्ल्सची. चार्ल्सने आयुष्यात सहा हजारांवर गीतं लिहिली. ज्यांना जाडजूड धर्मग्रंथ वाचता येत नव्हते त्या खाणकामगारांनी, विणकरांनी आपला विश्वास ह्या गीतांतूनच पाठ केला. आमच्या आजीचंही तसंच, तिला बायबलातले अध्याय विचारले तर अडखळायची पण 'उपासना संगीत' ह्या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातलं रेव्ह. ना. वा. टिळकांचं गीत अख्खं म्हणायची.

तर पेटी. डबल रीडची, म्हणजे एकेका सुराला दोन पितळी पट्ट्या असलेली, आजोबांच्या वेळची. आपल्याकडचा मे महिना माहितीच आहे, लाकूड आकसतं, चामडं कडक होतं, आणि मग पावसाळ्यात सगळं फुगतं. भात्यातून हवा जायला लागली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती तर तिथे भात्याच्या घडीवर नुसतं फेविकॉल आणि जाड चामडं चिकटवून दिलं, महिन्याभरात घडी उघडेना आणि दोन सूर कायमचे वाजत राहिले. पैसे गेले ते गेले पण खरं नुकसान वेगळंच झालं. वाजवणाऱ्याचा हात दुखायचा म्हणून आम्ही कडवी सोडायला लागलो. आधी शेवटचं, मग मधली, मग प्रत्येक गीत तीन-चार कडव्यांवर थांबायला लागलं आणि कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं, मला मात्र वाईट वाटत होतं.

शेवटी गोधडीत गुंडाळून पॅसेंजरने भुसावळला नेली. (मधे भादली लागतं. १९१८ मध्ये बालकवी तिथेच रेल्वेखाली गेले, धरणगावचा हा मुलगा टिळकांच्या घरी राहिलेला, त्यामुळे मांडीवर पेटी घेऊन ते स्टेशन ओलांडताना मी गप्पच होते.)

दुकानातल्या काकांनी पेटी उघडायच्या आधी विचारलं, "कितीक जण गाता? बायका किती, माणसं किती? सुरू कुठून करता?" म्हटलं पांढरी चार. ते म्हणाले, "मग वरची ओळ आली का म्हातारे गप होत असतील." अगदी तसंच होतं! पेटी मुळातच थोडी चढलेली होती, भाच्याच्या कीबोर्डशी जमत नव्हती. काकांनी एकेक रीड काढून घासून सूर खाली आणले, माझ्यासमोर कीबोर्डशी जुळवून दाखवले, आणि सांगितलं आता त्याहून खालच्या काळी दोनपासून धरा, सगळ्यांना पोचेल. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजते तो) लावायचा का विचारलं तर नको म्हणाले, आवाज मोठा होईल पण भाता जड जाईल आणि तुम्हाला तर माणसांचा आवाज ऐकू यायला पाहिजे. हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, चर्चमधल्या कितीतरी जणांना हे समजावून सांगावं लागतं.

भात्याचं चामडं पूर्ण नवीन, स्प्रिंगा बदलल्या, पाच रीड नव्या, १,८०० रुपये घेतले. आठ दिवस सांगितले होते, अकरा लागले, पण रोज फोन उचलत होते. जुनं चामडं पिशवीत घालून परत दिलं. पार्किंगला जागा नाही, जिना अरुंद आहे, पेटी धरायला दुसरा माणूस न्या.

आता शनिवारचं सांगते. चार्ल्सचं बायबलातल्या याकोबाच्या कुस्तीवर १७४२ चं एक गीत आहे, चौदा कडव्यांचं, पप्पांनी त्याची मराठी आमच्या वहीत लिहून ठेवलीय. रात्रभर याकोब त्या अनोळखी माणसाला धरून ठेवतो, तू कोण, नाव सांग म्हणतो, आणि ते नाव पार नवव्या कडव्यात येतं, प्रीती. आम्ही दोन वर्षं चौथ्यावर थांबत होतो म्हणजे नाव विचारून उत्तर न ऐकताच घरी जात होतो. १७८८ मध्ये चार्ल्स गेल्यावर काही दिवसांनी जॉन हेच गीत इंग्लंडमधल्या बोल्टनला लोकांकडून गाऊन घ्यायला उभा राहिला आणि पहिल्याच कडव्यात माझी सोबत पुढे गेली, मी एकटा उरलो अशी ओळ आली तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस रडत खाली बसला.

ह्या शनिवारी भाता हलका होता, सूर खाली होता, आम्ही थांबलो नाही. नवव्या कडव्याला समोरचे रिटायर्ड गार्ड काका, जे वर्षभर नुसते ओठ हलवायचे, मोठ्याने गात होते.