नाग-नामिका: एका जुन्या कॉन्कर्सवाल्याचा रिव्ह्यू

ट्रॅक्टरचे, फवारणी पंपाचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात. मी रणगाडे फोडणाऱ्या गाडीचा लिहितो, नामिकाचा, म्हणजे रणगाडाविरोधी नाग क्षेपणास्त्र नेणाऱ्या आणि डागणाऱ्या गाडीचा, कारण उमेदीची वर्षं त्याच कामात गेली. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून रंगरूट म्हणून निघालो, बीएमपी-2 वर, म्हणजे जवानांना नेणाऱ्या ट्रॅकवाल्या चिलखती गाडीवर, गनर झालो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आता देवळी तालुक्यात वावर पाहतो. नामिका मी स्वतः चालवलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. संचलनात टीव्हीवर पाहिली, जाहीर झालेलं सगळं वाचलं. पण तिच्या आधीचं हत्यार, तारेवर चालणारं कॉन्कर्स क्षेपणास्त्र, मी डोळ्याला लावून डागलेलं आहे, म्हणून तुलना करायला बसलो.

गाडी म्हणाल तर ओळखीचीच. बीएमपी-2 चाच सांगाडा, तोच ट्रॅक, साधारण तशीच ठेवण. मेदकच्या कारखान्यात बनते. फरक डोक्यावर. 30 एमएम तोफेचा टरेट, म्हणजे फिरता बुरूज, नाही, त्या जागी वर उचलता येणारा लाँचर. सहा नाग डागायला तयार, सहा आत राखीव. एका क्षेपणास्त्राचं वजन 43 किलोच्या आसपास, पल्ला 4 किलोमीटर. आडोशामागे गाडी दाबून ठेवायची आणि फक्त लाँचर वर काढायचा. धुऱ्याआड बसून डोकं तेवढं वर करण्यातली मजा, ज्याच्यावर समोरून गोळी आली आहे त्यालाच कळते.

आता कॉन्कर्सबद्दल थोडं लांबण लावतो, कारण नामिकाची किंमत त्याशिवाय समजत नाही.

बीएमपी-2 च्या टरेटवर कॉन्कर्सची नळी असते. ट्रिगर दाबला की आधी मागच्या बाजूला धूळ आणि धुराचा लोट उठतो. दोन-चार किलोमीटरवरच्या कोणालाही कळतं की इथून काहीतरी सुटलं. क्षेपणास्त्र सुरुवातीला थोडं हेलकावतं, मग शेपटीचा ठिपका आपल्या दुर्बिणीतल्या क्रॉसच्या जवळ येऊन बसतो. त्याच्यामागे केसासारखी बारीक तार उलगडत जाते आणि सगळे हुकूम त्या तारेतूनच जातात. कासरा हातात धरून बैल हाकावा तसं. पूर्ण पल्ल्याला साधारण वीस सेकंद लागतात. ही वीस सेकंद गाडी जागची हलवायची नाही, क्रॉस रणगाड्यावरून सरकू द्यायचा नाही. तो पळतोय, आडोशाला जातोय, धूर सोडतोय, कदाचित आपल्याकडेच नळी वळवतोय. तरी डोळा काढायचा नाही. आमचे उस्ताद सांगायचे, ‘श्वास विसरा, क्रॉस विसरू नका.’ घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि पुसायला हात मोकळा नसतो. वाटेत बाभूळ, खेजडी, विजेची तार आली तर वेगळीच काळजी. आणि एक डागून झालं की दुसरं चढवायला माणसाला हॅचचं झाकण उघडून अर्धं बाहेर निघावं लागतं. गोळाबारी चालू असताना अर्धं बाहेर निघणं म्हणजे काय, ते शब्दात सांगत नाही.

नागमध्ये ही वीस सेकंदं गनरची उरत नाहीत. क्षेपणास्त्राच्या नाकात इन्फ्रारेड सीकर आहे. तो रणगाड्याची उष्णता चित्रासारखी पाहतो. डागण्याआधीच त्याला लक्ष्य दाखवून लॉक करायचं, सोडायचं आणि गाडी मागे घ्यायची. पुढचं ते स्वतः पाहून घेतं. माझ्या लेखी अर्धे मार्क इथंच. चिलखत किती मिलिमीटर फोडतं हे आकडे पोट्टे तोंडपाठ करतात. पण डागल्यावर गनर तिथं किती वेळ अडकतो, हा आकडा मला त्याहून मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट, नाग वरून येतं. रणगाड्याचं जाड चिलखत समोर असतं, टपावर पातळ. युक्रेनच्या लढाईत रणगाड्यांच्या डोक्यावर लोखंडी जाळ्या ठोकलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. वरून येणाऱ्या माराची भीती किती, ते त्या जाळ्या पाहूनच समजतं. नागचं वॉरहेड, म्हणजे स्फोटक भाग, टँडम आहे, एकामागे एक दोन स्फोटांचं. पहिला स्फोट बाहेरचं, स्वतः फुटून मारा अडवणारं रिअॅक्टिव्ह चिलखत उडवतो, दुसरा आत जातो.

इथपर्यंत कौतुक झालं. आता खोट.

उष्णता पाहणाऱ्या डोळ्याला उन्हाळा मानवत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 46 च्या वर गेला की दुपारी काळी माती, टिनाचं छप्पर, बंद पडलेला ट्रॅक्टर, सगळं सारखंच भाजत असतं. संध्याकाळी तर कोण तापतंय आणि कोण निवतंय, हेच कळत नाही. राजस्थानच्या वाळूत नागच्या आधीच्या चाचण्यांमध्ये नेमकं हेच नडलं. लांबच्या अंतरावर रणगाडा आणि तापलेली जमीन सीकरला वेगवेगळी दिसेनात. मग सीकर सुधारला. जुलै 2019 मध्ये, म्हणजे ऐन गरमीत, पोखरणला दिवसा-रात्री चाचण्या झाल्या. 22 ऑक्टोबर 2020 ला सकाळी पावणेसातला खऱ्या वॉरहेडसह लष्करासाठीची शेवटची चाचणी, युजर ट्रायल, झाली, तीही पोखरणलाच आणि नामिकावरूनच. म्हणजे दुखणं ओळखलं, औषध झालं. तरी तारवाल्या हत्याराच्या बाजूनं एक सांगतो: कॉन्कर्सचा गनर डोळ्यानं ओळखून मारतो. जळता रणगाडा, शेकोटी आणि जिवंत रणगाडा यातला फरक माणसाला शिकवावा लागत नाही. मी दोन्ही ठेवीन.

दुसरी खोट उशिराची, आणि ती कडू आहे. 1983 ला एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला. कलाम साहेबांच्या हाताखाली पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश आणि नाग, अशी पाच भावंडं. पहिली चाचणी 1990 ला. आणि ट्रॅकवाल्या नाग प्रणालीचा मोठा करार झाला 27 मार्च 2025 ला, आर्मर्ड व्हेइकल निगम या सरकारी कंपनीसोबत, सुमारे 1801 कोटींचा. जे पोरगं 1983 ला जन्मलं, ते फौजेत जाऊन, नोकरी करून, पेन्शन घेऊन गावात आलं. तोपर्यंत भाऊ, आम्ही तारच ओढत होतो.

माझा भाचा भरतीची तयारी करतोय. पहाटे पुलगाव रोडवर धावतो आणि परत आल्यावर मला भंडावतो.

‘मामाजी, आता ड्रोन आले ना. मंग हे एवढं मोठं धूड कायले पायजे?’

‘ड्रोन पावसात, वाऱ्यात किती टिकते? अन् त्याचा सिग्नल जाम केला तं?’

‘नागचा नाई होत का जाम?’

‘त्याले सिग्नलच लागत नाई बाप्पा. सुटलं की सुटलं.’

पण पोट्ट्याच्या बोलण्यात दम नाही असं नाही. नामिका चौदा-साडेचौदा टनांची, पातळ चिलखताची गाडी आहे. वरून येणारं तिलाही लागतं. तिला रणगाडा समजून पुढे रेटली तर फुकट जाईल. तिचं काम मागून, आडोशातून.

1965 ला खेमकरणच्या उसात अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या 106 एमएम आरसीएल (मागे धक्का न देणाऱ्या) गननं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले आणि परमवीरचक्र मिळालं, ते मरणोत्तर. उघडी जीप, डागलं की जागा जाहीर. हमीद यांच्या जीपपासून माझ्या कॉन्कर्सपर्यंत गनर उघडाच राहिला. त्याला झाकण या गाडीनं दिलं.

पाचपैकी चार तारे देतो. एक राखून ठेवला तो सरावासाठी. एवढं महागडं क्षेपणास्त्र गनरला सारखं डागायला मिळत नाही, सगळी बोटं सिम्युलेटरवर तयार होतात. सिम्युलेटरमध्ये धूळ नसते, कानठळ्या बसत नाहीत, पडद्यावर गरम ठिपका नेहमी स्वच्छ दिसतो. नवीन पोरांना मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या रेंजवर, निदान लॉक करण्याचा तरी भरपूर सराव मिळाला पाहिजे. डागायचं नाही, फक्त शोधायचं आणि लॉक करायचं. त्याला क्षेपणास्त्र खर्ची पडत नाही, डिझेल तेवढं लागतं.