स्कॅटर फाइल : जुने फोन सात महिने फ्लॅश केल्यानंतर

गेल्या सात महिन्यांत घरातले आणि नात्यातले पाच जुने फोन संगणकावरच्या एसपी फ्लॅश टूलने फ्लॅश केले, म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर नव्याने भरलं. टूल चांगलंच आहे, पण सगळी भिस्त सोबतच्या स्कॅटर फाइलवर. मीडियाटेक कंपनीची चिप असलेल्या फोनमध्ये कोणतं पार्टिशन (मेमरीचा भाग) कुठल्या पत्त्यावर सुरू होतं आणि किती जागा घेतं, हे या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

पहिला फोन आत्याचा. एमटी६५८० चिप, लोगोवर अडकलेला. चिप तीच दिसली म्हणून दुसऱ्याच मॉडेलचं फर्मवेअर (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) उतरवलं. टूलने पीएमटी (पार्टिशनचा तक्ता) बदलल्याची एरर दिली, म्हणजे फाइलमधली आणि फोनमधली मांडणी जुळत नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं. मी ‘फॉरमॅट ऑल + डाउनलोड’ लावलं, म्हणजे सगळं पुसून नव्याने लिहिलं. फोन सुरू झाला, पण टच उलटा आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) गायब. पुढे बरोबर फर्मवेअर मिळालं, टच सुधारला. नेटवर्क आलं नाही ते नाहीच. आयएमईआय आणि रेडिओचं कॅलिब्रेशन एनव्हीरॅम नावाच्या पार्टिशनमध्ये असतं, ‘फॉरमॅट ऑल’ तेही पुसतं, आणि फर्मवेअरमध्ये त्याची प्रत नसते. जेल रोडवरच्या दुरुस्तीवाल्यानेही हेच सांगितलं. आत्या एका शब्दाने बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं.

तेव्हापासून आधी रीडबॅक, म्हणजे फोनमधून प्रत काढून ठेवणं, मग बाकी सगळं. स्कॅटर फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, एनव्हीरॅमचा सुरुवातीचा पत्ता आणि आकार बघायचा, तेच आकडे रीडबॅकमध्ये भरायचे. काकांच्या फोनमध्ये आकार ०x५००००० होता, म्हणजे अवघे ५ एमबी. एवढ्याशा फाइलला मिनिटही लागत नाही. फ्लॅश करताना ‘डाउनलोड ओन्ली’ ठेवतो आणि फोन चालू होत असेल तर प्रीलोडरची (फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामची) खूण काढतो. चुकीचा प्रीलोडर गेला की फोन चार्जिंगचं चिन्हसुद्धा दाखवत नाही.

सॅमसंगच्या एका फोनला ओडिन हे सॅमसंगसाठीचं फ्लॅश टूल वापरलं. तिथे हेच काम पीआयटी फाइल करते. पार्टिशन नव्याने मांडणाऱ्या ‘री-पार्टिशन’ला हात लावला नाही, गरजच पडली नाही.

काकांच्या फोनचं नेटवर्क मे महिन्यात आपोआप गेलं. टूलमध्ये कंट्रोल-आल्ट-व्ही दाबून ॲडव्हान्स्ड मोड उघडला, ‘राइट मेमरी’ने तीच ५ एमबीची प्रत तिच्या जुन्या पत्त्यावर लिहिली. फोन चालू करून स्टार-हॅश-०६-हॅश दाबलं, तर दोन्ही आयएमईआय खोक्यावरच्या नंबरांशी जुळले. काकांनी पहिला फोन आत्यालाच लावला, माझ्या मोबाइलवर, कारण तिच्या फोनला अजून नेटवर्कच नाही.