राष्ट्रे पुढे का जातात? एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

काही राष्ट्रे झपाट्याने पुढे जातात आणि काही रेंगाळतात, या प्रश्नाला वाहिलेला एक सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. भूगोल, शासनसंस्था, शिक्षण, व्यापार ही नेहमीची उत्तरे त्यात आहेतच. मात्र त्यातला सर्वांत कसदार भाग दारे लावून बसलेल्या देशांविषयीचा आहे आणि सर्वांत कच्चा भाग त्याच देशांवरून काढलेल्या निष्कर्षाचा आहे, म्हणून परीक्षणाचा रोख मुख्यतः तिकडेच ठेवला आहे.

सुरुवातीची व्याख्याने चोख असली, तरी जाणकाराला त्यांत नवे काही सापडणार नाही. समुद्रकिनारा नसलेल्या देशांच्या अडचणी सांगून झाल्यावर बोत्स्वानाचे उदाहरण येते. 1966 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने हिऱ्यांच्या उत्पन्नाचा बराचसा भाग शिक्षण, आरोग्य आणि रस्त्यांवर खर्च केला, एवढे सांगून व्याख्याते पुढे सरकतात.

जपानवरचे व्याख्यान मात्र पुन्हा ऐकावे असे आहे. तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, राजवटीने 1639 मध्ये पोर्तुगीजांना हाकलले आणि 1641 पासून युरोपीयांपैकी केवळ डचांना, तेही नागासाकीच्या बंदरातील देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर, व्यापाराची मुभा ठेवली. चीन आणि कोरियाशी व्यवहार चालूच होते, तेव्हा ‘कडेकोट बंद जपान’ हे चित्र अतिरंजित असल्याचे व्याख्याते आधीच स्पष्ट करतात. त्यानंतर ते 1771 मधील एका शवविच्छेदनाकडे वळतात. एदो (आजचे टोकियो) शहरात मृत्युदंड दिलेल्या एका व्यक्तीच्या देहाचे विच्छेदन चालू असताना सुगिता गेनपाकू आणि माएनो र्योताकू हे वैद्य डच भाषेतील शरीरशास्त्राच्या पुस्तकातील आकृत्या समोरच्या अवयवांशी पडताळून पाहत होते. पुस्तकातील आकृत्या जुळत होत्या; पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानलेली परंपरागत वर्णने जुळत नव्हती. डच भाषा जेमतेम येत असतानाही त्यांनी सहकाऱ्यांसह अनुवादाला हात घातला आणि 1774 मध्ये तो प्रसिद्ध केला. आठवे शोगुन योशिमुने यांनी 1720 मध्ये परकीय ग्रंथांवरील बंदी सैल केली नसती, तर असा अभ्यास रुजणे फार कठीण गेले असते.

याच व्याख्यानात एक विचारात पाडणारा आकडा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जपानने मुक्त व्यापार केला असता, तर त्याचा थेट लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या फार तर 8 ते 9 टक्के झाला असता, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पुढच्या अर्धशतकात जपानने घेतलेल्या झेपेपुढे हा लाभ किरकोळ आहे. म्हणजे एकांतवासात मालापेक्षा विद्येचे नुकसान मोठे होते. तोकुगावा राजवट गेल्यावर आलेल्या नव्या सरकारातील अनेक प्रमुख नेते 1871 ते 1873 या काळात इवाकुरा शिष्टमंडळातून अमेरिका-युरोपातील कारखाने, शाळा आणि कायदे पाहत फिरत होते, हे त्याच धाग्यातले पुढचे टोक. पण व्याख्याते ते केवळ तोंडी लावण्यापुरते आणतात.

अल्बेनियाचा भाग छोटा, पण नेमका आहे. तिथले साम्यवादी हुकूमशहा एन्वर होजा यांनी 1948 मध्ये युगोस्लाव्हियाशी, 1961 मध्ये सोव्हिएत संघाशी आणि 1978 मध्ये चीनशी फारकत घेतली आणि 1976 च्या राज्यघटनेने परकीय कर्जावरच बंदी घातली. काँक्रीटचे असंख्य बंकर बांधणारा हा देश साम्यवादी राजवट कोसळली तेव्हा युरोपातील सर्वांत गरीब देशांत मोडत होता.

इथपर्यंत सारे ठीक आहे. त्यानंतर मात्र ‘खुला तो श्रीमंत, बंद तो गरीब’ असा ठोकताळा मांडला जातो आणि तिथे माझा आक्षेप आहे. अफूच्या युद्धानंतर ब्रिटनशी झालेल्या नानकिंगच्या तहाने 1842 मध्ये चीनची पाच बंदरे तोफांच्या धाकाने खुली झाली. त्यातून चीनचा झपाट्याने विकास झाला नाही. उलट दक्षिण कोरियाची निर्यात 1964 मध्ये 10 कोटी डॉलर होती आणि 1977 मध्ये ती 1,000 कोटी डॉलरवर गेली, पण त्याच काळात तिथली बाजारपेठ परदेशी मोटारींना जवळपास बंद होती. कोरियाचे सरकार घरच्या उद्योगांना संरक्षण देत होते, पण बदल्यात त्यांना जगाच्या बाजारात माल विकून दाखवावा लागत होता. दार उघडे आहे की बंद, यापेक्षा त्याची कडी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न अभ्यासक्रमाने विचारायलाच हवा होता. अमेरिकेच्या 1807 च्या व्यापारबंदीबाबतही तसेच झाले आहे. वर्षभरात निर्यात 10.8 कोटी डॉलरवरून 2.2 कोटींवर घसरल्याचे ठसठशीत सांगितले जाते. त्याच काळात अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधील कापड गिरण्यांना चालना मिळाली, हे वगळले जाते.

मांडणीतील एक दोष तर अक्षम्य आहे. दोन्ही कोरियांच्या दरडोई उत्पन्नाच्या आलेखात उभ्या अक्षावर लॉग प्रमाण (ज्यात प्रत्येक सारख्या टप्प्यावर आकडा ठरावीक पटीने वाढतो) वापरले आहे, पण तसे कुठेही सांगितलेले नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कित्येक पटींची असलेली दरी नवख्या विद्यार्थ्याला बेताची वाटते. चाचण्यांत चार पर्यायांतून विकासाचे ‘मुख्य कारण’ निवडायला लावणे हेही विषयाला शोभत नाही. निबंधाचे प्रश्न त्या मानाने फार चांगले आहेत.

अर्थशास्त्राची तोंडओळख असलेल्यांनी पहिला विभाग सोडून थेट जपानपासून सुरुवात करावी आणि कोरियाचा आलेख पाहताना अक्षावरील आकडे स्वतः वाचावेत. अगदी नवख्यांना मात्र सोबत आर्थिक इतिहासाचे एखादे प्रास्ताविक पुस्तक ठेवल्याशिवाय हा अभ्यासक्रम मी सुचवणार नाही.