लोकमान्य नगरातलं मेडिकल, पिशवी घेऊनच जा

सासूबाई 79 वर्षांच्या, गेल्या पावसाळ्यात रात्री बाथरूमला उठल्या आणि पडल्या, दोनदा, हाड मोडलं नाही हे नशीब. त्यांची झोपेची गोळी संपली म्हणून अल्प्राझोलामची जुनी चिठ्ठी घेऊन या छोट्या दुकानात गेले. काउंटरवरच्या दादांनी गोळी दिलीच नाही, आधी वय विचारलं, पडल्यात का विचारलं आणि म्हणाले ताई घरात आहेत नाहीत ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा, सर्दीची दुखण्याची पण. खरं सांगते मला रागच आला, दुसरीकडे तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळी मिळत होती.

पिशवीत गोळ्यांचे 11 पत्ते निघाले. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या, आत दोन्हीत दुखण्यावरचं डायक्लोफेनॅकच! बीपीच्या टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीबरोबर ती किडनीला फार जड जाते म्हणे. पुढचं ऐकून तर मी बसलेच. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपीनने पाय सुजलेले, त्या सुजेवर लघवीची गोळी, ती आम्ही देत होतो संध्याकाळी, म्हणून रात्री चारचारदा उठणं, झोप नाही म्हणून झोपेची गोळी, आणि त्या गुंगीत पडणं. वर सर्दीची क्लोरफेनिरामिन, तिनेही गुंगी येते, म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो, पोट साफ होत नाही. म्हणाले अमेरिकेत बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये वयस्कर लोकांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, 2023 ला ती परत सुधारली गेली, आणि यातली काही त्यात आहेत.

सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी स्वतः काहीच बंद केलं नाही. झोपेची गोळी एकदम सोडायची नाही, त्रास होतो, हे दोनदा बजावलं आणि सगळं कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घेतलं, बीपीची गोळी बदलली, दुखण्याची बंद केली, झोपेची हळूहळू कमी करत दोन महिन्यांत सोडवली. आई आता रात्री एकदाच उठतात, आणि सकाळी नातीचं नाव बरोबर घेतात, मधे ते पण चुकत होतं हो, आम्ही वयावर ढकलत होतो.

डिस्काउंट नाही, दुपारी 2 ते 5 बंद, गाडी लावायला जागा नाही. संध्याकाळी 7 नंतर गर्दी असते, पिशवी दाखवायची असेल तर सकाळी जा.